गाडीचा खांदा

आमचे भाऊजी पुंडलिकराव यांना इंजिनातलं काहीही कळत नव्हतं. एवढं एक सरळ वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं, कारण ते आमच्या घरचे जावई होते. जावयाला पुरणपोळी वाढता येते, टॉवेल-टोपी देता येते, पण ‘भाऊजी, इंजिनावरून हात काढा’ असं म्हणता येत नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहितो. आई वाचेल ही भीती नाही, ती चष्मा घालत नाही. ताई वाचेल, पण ताईला हे सगळं माझ्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

भाऊजी सौंसरचे. एका सरकारी खात्यात जीपगाड्यांच्या शाखेत बाबू होते. जीप कुठे गेली, किती वेळ उभी राहिली, कोणत्या साहेबाच्या सासूला घेऊन देवदर्शनाला गेली, हे कागदावर चढवणं हे त्यांचं काम. हलवायाच्या दुकानासमोर आयुष्य काढलेल्या माणसाला जितका पेढा वळता येतो, तितकं त्यांना इंजिन येत होतं. पण पेढा न येणारा माणूस निदान ‘सरका, मी वळतो’ असं म्हणत नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पेन असे आणि पेनाशेजारी एक लांब दांड्याचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. पेन सहीपुरतं. पेचकस सगळ्या जगासाठी. कुठेही बोनेट उघडलेलं दिसलं की भाऊजी तिथे जात. ओळख असायची गरज नसे. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि ओठ बाहेर काढत. त्याआधी गाडीवाल्याला रेस द्यायला लावत. “दे. अजून दे. घाबरू नको, तुही गाडी नाई फुटत.” इंजिन किंचाळून गल्ली गोळा झाली की मग निकाल सांगत. निकाल काय हे आधीच ठरलेलं असे. एक तर पेट्रोल पांढुर्ण्याचं, नाही तर मिस्त्री सावरगावचा, नाही तर गाडीवाला गधा. मशीन निर्दोष. “गाडी बोलते, साळेबुवा,” ते मला सांगत. “ऐकणारा पायजे.”

साळेबुवा म्हणजे मी. माझं नाव सुरेश, पण ते मला सन्मानानं साळेबुवा आणि सवयीनं सुऱ्या म्हणत.

पांढुर्ण्याचा त्यांना भारी तिटकारा. पांढुर्णा म्हणजे आमचं गाव; ते जिल्हा झालं आणि सौंसर आमच्याखाली आलं, तेव्हापासून तर हा तिटकारा दुखण्यासारखा वाढला. “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार म्हणून नदीच्या पल्याडच्या व्याह्याच्या डोक्यात गोटा घालते ते गाव,” ते म्हणत, “अन् आता माह्या जमिनीचा कागद त्याइच्या दाराशी.” पत्ता लिहिताना ते शेवटपर्यंत ‘जिल्हा छिंदवाडा’ लिहीत राहिले. पोस्टमनही जुना होता, तोही टपाल आणून देत राहिला. त्यामुळे भाऊजींची खात्री झाली की जिल्हा अजून बदललेलाच नाही, फक्त पांढुर्ण्याच्या लोकांना तसं वाटून राहिलं आहे.

माझी त्यांच्याशी पहिली भेट त्यांच्या लग्नात झाली. वरात सौंसरहून निघाली आणि नवरदेवाची गाडी मोहगावच्या अलीकडे खोकली. बंद पडली नाही, नुसती खोकली. ड्रायव्हर म्हणाला, “कचरा आला असन, निघून जाईन.” पण नवरदेवानं बाशिंग कपाळावर सारलं, खाली उतरून बोनेट उघडलं आणि चालू गाडी बंद करायला लावून तिचा एक प्लग काढला. इंजिन तापलेलं असलं की प्लगही तापलेला असतो, हे प्लग हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात झटकला आणि प्लग रस्त्याकडेच्या नाल्यात, बेशरमीच्या झुडपांत गेला. सगळी वरात तासभर झुडपं चाळत राहिली. शेवटी वरात पांढुर्ण्याला कापसाच्या ट्रॉलीतून आली. आम्ही बँडबाजा घेऊन मोटारीची वाट पाहत होतो आणि समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत नवरदेव उभे, अंगभर कापसाचे पुंजके, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

पाय धुण्याचा विधी असतो, हाताचा नसतो. त्यामुळे आईनं जावयाचे पाय धुतले आणि काळे हात तसेच राहिले. कन्यादानात त्यांनी ताईचा हात धरला तेव्हा मेंदीवर पाची बोटं उमटली. तो फोटो अजून आहे. दुसरा कोणी असता तर फोटो ट्रंकेत तळाशी घातला असता. भाऊजींनी तो दिवाणखान्यात टांगला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून सांगत, “लग्नाच्या दिवशी बी गाडी पाहून आलो.” पाहून आलो, हे मात्र खरं. दुरुस्त करून आलो असं त्यांनी कधी म्हटलं नाही. शब्दांच्या बाबतीत ते बाबू होते.

त्या घरात बसणंही सोपं नव्हतं. ताईच्या घरचा टीव्ही इतका मोठ्यानं लावलेला असे की बातम्या आम्हाला चौकातच कळत. “आवाज कमी करा,” ताई म्हणे. “काय म्हणाली?” भाऊजी म्हणत. “चहा घेता का म्हणाली,” ताई सांगे, आणि उठून चहा टाके.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण गाडी माझी होती. मी बी.ए. झालो, मग संत्र्याची दलाली केली. तीत बाग पाहायला सकाळी जायचं असतं, मी संध्याकाळी गेलो, आणि दिवेलागणीला सगळी संत्री सारखीच चांगली दिसतात. मग मोबाईलचं दुकान टाकलं. त्याची गोष्ट त्याहून लहान आहे. शेवटी एक जुनी व्हॅन घेतली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की चूल मांडल्यासारखं सगळं समोर. ही व्हॅन मी पाच मॅडमना घेऊन चालवत असे. त्या राहायच्या पांढुर्ण्यात आणि शिकवायच्या सौंसर-मोहगावाकडच्या शाळांत. रोज सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, याला आमच्याकडे अप-डाउन म्हणतात. या पाच जणींच्या अप-डाउनवर माझ्या घरची चूल पेटत होती. माझ्या आयुष्यातला न बुडालेला हा एकच धंदा.

त्या वर्षी पोळ्याला भाऊजी आणि ताई आदल्या दिवशीच आले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना कोमट पाण्यानं शेक द्यायचा, तूप-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” आमचे बैल विकून कितीतरी वर्षं झाली. आई मातीच्या बैलांना बोटानं तूप लावते आणि आवतन देते.

आईनं वाटी आणली तशी भाऊजी म्हणाले, “मातीच्या बैलाले कायचं आवतन देता? तुमच्या घरचा बैल अंगणात उभा हाये.”

अंगणात मी उभा होतो. क्षणभर आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. मग त्यांनी व्हॅनकडे बोट केलं.

“गाडीले खांदा कुठी असते, जवाईबापू?” आईनं विचारलं.

“जिथून जोर लागते, तिथं खांदा.” त्यांनी सीट उचलली, पेचकस काढला आणि एक जागा दाखवली. पायाखालच्या अॅक्सिलरेटरपासून निघालेली तार जिथे इंजिनाला भेटते, तिथे एक छोटी चकती असते आणि चकतीच्या मागे स्प्रिंग. पाय दाबला की तार चकतीला ओढते आणि इंजिन जोर धरतं. पाय उचलला की स्प्रिंग चकतीला परत आणते आणि इंजिन शांत होतं. “हा पाहा गाडीचा खांदा,” भाऊजी म्हणाले. “वर्षभर ओढते बिचारा. कोण पुसते त्याले?”

आणि त्यांनी दोन बोटं भरून हळद घातलेलं तूप त्या चकतीला, स्प्रिंगला आणि तारेच्या टोकाला चोळलं. बैलाला चोळतात तसं, खालून वर, मायेनं. मग सीटपाशी वाकून आवतनही दिलं. आईनं हात जोडले. ताईनं माझ्याकडे पाहिलं. तुपाची वाटी मी धरली होती. “अजून घ्या ना भाऊजी,” असंही मी म्हणालो. मला पाहुणचार आवरत नाही.

वाचणाऱ्याला पुढचं आत्ताच कळलं असेल. मला कळायला संक्रांत आली.

पोळ्याच्या दिवसांत तूप पातळ असतं. गाडी लोण्यासारखी चालली. भाऊजींनी सौंसरला फोनवर, म्हणजे जवळजवळ फोनशिवायच, दहा जणांना सांगितलं की पांढुर्ण्याच्या गाडीला खांदा चोळून आलो, आवाज बदलला. मग दिवाळी गेली, थंडी पडली, आणि डब्यातलं तूप चमच्याला दाद देईना. सीटखालच्या तुपाचा धर्म काही वेगळा नव्हता. त्यात रस्त्याची धूळ बसली, हळद बसली, आणि स्प्रिंगच्या अंगात गोंद शिरल्यासारखा झाला.

सकाळी पाय दाबून चावी फिरवली की व्हॅन मळणीयंत्रासारखी ओरडे. पाय उचलला तरी तिला फरक नाही. गिअर टाकला की मी काही न करता ती निघे. ब्रेक दाबून धरला तर ब्रेकशी भांडे. दुपारी, उन्हात तापून उभी असली की हीच व्हॅन गाईसारखी गप्प. मी तिला सावरगावच्या मिस्त्रीकडे नेली ती दुपारीच, कारण सकाळी मला अप-डाउन असे. मिस्त्रीनं चहा पिता पिता आवाज ऐकला. “गाडी बराबर हाये,” तो म्हणाला. “तुमाले वहम झाला.” सीट उचलायचीही त्यानं तसदी घेतली नाही. वहम घेऊन मी घरी आलो.

मॅडम लोकांचं म्हणणं वेगळं होतं. पाच जणींत कुंदा मॅडम मोठ्या. त्या बोलल्या की बाकीच्या चौघी मान हलवत. एका सकाळी सौंसरच्या स्टँडपाशी व्हॅननं आपणहून उडी घेतली आणि एका पेरूवाल्याच्या गाड्याला नाक लावलं. दोन-चार पेरू खाली पडले. पेरूवाला जे बोलला ते कुंदा मॅडमनी संपूर्ण ऐकून घेतलं, आणि मग मला म्हणाल्या, “सुरेशभाऊ, हे चालणार नाई. आज पेरू हाये, उद्या लेकरू असन. संक्रांतीपर्यंत आमी पायतो. नाई तं त्या पांढऱ्या गाडीवाल्याले हो म्हणतो.”

पांढऱ्या गाडीवाला दोन महिन्यांपासून आमच्या मागे होता. त्याच्या गाडीला पडदे होते.

“अन् गाडीत बेरीचा वास येते,” कुंदा मॅडमनी जाता जाता जोडलं. बेरी म्हणजे लोणी कढवल्यावर तुपाखाली उरते ती. मी त्यांच्या डब्यांकडे पाहिलं. बायकांचे डबे, असेल काहीतरी. मी खिडकी उघडून दिली.

मग मी भाऊजींना फोन केला. का केला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी संत्री संध्याकाळी का पाहायला गेलो, याचंही नाही.

“कोणाले हात लावू देऊ नको,” भाऊजी ओरडले. “मी येतो.”

ते रविवारी आले. पुढच्या रविवारी आले. जावई घरी आला की दोन्ही वेळ गोडधोड, म्हणून आईचा तुपाचा डबा रिकामा होत गेला. पहिल्या दिवशी त्यांनी कान लावला आणि आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती हळू चालावं हे ठरवणारा, स्क्रू पिळून खाली आणला. त्याचा परिणाम असा की व्हॅन सकाळी पूर्वीइतकीच ओरडे, पण तापल्यावर मात्र प्रत्येक थांब्यावर बंद पडे. म्हणजे आधी माझ्या गाडीला एक रोग होता, भाऊजींनी त्याला जोड करून दिली. मग त्यांच्या लक्षात आलं की कुठून तरी चोरून हवा शिरते आहे. हवा शोधायला त्यांनी बिडी पेटवली. चालू इंजिनावर, पेट्रोलच्या नळीपासून वीतभर अंतरावर ते धूर सोडू लागले. धूर जिकडे ओढला जाईल, तिकडे छिद्र. मी बादली भरून आणली आणि आई तुळशीमागे जाऊन उभी राहिली. धूर सगळा माझ्या तोंडावर आला. त्यावरून छिद्र कुठे आहे, याचा त्यांनी निष्कर्ष काढला असावा, कारण ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

“दोष गाडीत नाई,” ते म्हणाले. “पाय जड हाये तुहा. चप्पल काढून चालव.”

मी चालवली. भर थंडीत, पहाटेच्या धुक्यात, अनवाणी. अॅक्सिलरेटरचा पत्रा बर्फासारखा लागे. चौथ्या दिवशी एका मॅडमनी हळूच विचारलं, “भाऊ, नवस बोलले का?” मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते.

या सगळ्या रविवारी सीट उचललेली असे. चकती समोर असे. भाऊजी पेचकसानं तिच्याकडे दाखवून शेजाऱ्यांना सांगत, “खांदा पाहा. अजून कसा चमकून राहिला. शोरूमवाले हे करत नाईत.” शेजारी वाकून पाहत. मीही वाकून पाहिलं आहे. माझा बी.ए.चा विषय मराठी वाङ्मय होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भाऊजी ताईला घेऊन मुद्दाम मुक्कामाला आले होते. “सकाळी मी सोबत बसतो,” ते म्हणाले. “तुह्या पायावर नजर ठेवतो. मॅडम लोकाइले मी समजावतो.” पुढच्या सीटवर, बरोबर इंजिनाच्या डोक्यावर, ते मफलर बांधून बसले. व्हॅन त्यांच्याखाली बोंबलत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कोणी आपल्या मिरवणुकीत वाजवतंय, असा भाव होता.

“मॅडम, तुमची गाडी एक नंबर हाये,” त्यांनी मागे वळून सांगितलं. “चालवणारा जरा कच्चा हाये.”

“हे कोण?” कुंदा मॅडमनी मला विचारलं.

“आमचे जावई.”

“आवाज कायचा येऊन राहिला मग, जवाईबापू?”

“काय?”

“आवाज. आवाज.”

“हां, दमदार हाये,” भाऊजी म्हणाले.

मोहगावच्या अलीकडे एक गाव लागतं. तिथल्या गतिरोधकापाशी एक म्हातारी डोक्यावर तुऱ्हाट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. मी पाय उचलला. व्हॅननं ऐकलं नाही. मी ब्रेकवर उभा राहिलो. अनवाणी तळवा घसरला, परत दाबला. व्हॅन थरथरत पुढे सरकत गेली आणि म्हातारीच्या भाऱ्याला टेकून थांबली. भारा खाली पडला. म्हातारी खाली पडली नाही. ती स्वतःहून रस्त्यात बसली, आणि आमच्याकडे पाहत नुसती बसून राहिली.

 चावी बंद करायचं मला सुचलं नाही. मी कसाबसा गिअर काढला. दोन मॅडम उतरून म्हातारीपाशी गेल्या, तिला धरून कडेला बसवलं, पाणी दिलं. व्हॅन उभ्या जागी किंचाळतच होती.

“पाय जड,” भाऊजी खाली उतरत म्हणाले. “म्या काय सांगतलं होतं?”

“ती सीट उचला,” कुंदा मॅडम म्हणाल्या.

मी उचलली. गरम वाफेबरोबर वास आला. कुंदा मॅडमनी पदर नाकाला लावला नाही, उलट खाली वाकून वास घेतला, चकतीवरून बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांसमोर धरलं. पिवळट काळा लगदा.

“हे तूप हाये.”

“तेल असन,” मी म्हणालो.

“मले नका सांगू. आमच्या घरी लोणी मीच कढवतो. तूप हाये, अन् हळद बी हाये.” त्यांनी बोट माझ्या नाकाखाली आणलं. “गाडीले फोडणी कोणी देल्ली?”

मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.  त्यांचा हात खिशाकडे गेला, पेचकस काढायला, आणि हातात पेन आलं. ते पेन तसंच धरून ते उभे राहिले. मग चेहऱ्यावर चौकशी आणून म्हणाले, “काऊन बे सुऱ्या, तूप तू लावलं?”

म्हातारी कडेला बसून बघत होती. पाचही मॅडम बघत होत्या. माझं अप-डाउन त्या एका उत्तरावर उभं होतं, आणि घरी ताई तीळ भाजत बसली होती. जावयाला परक्या बायांसमोर रस्त्यात गधा ठरवून मी घरी गेलो असतो, तर त्यांनी मला काहीच केलं नसतं. ताईला वर्षभर ऐकवलं असतं, टीव्हीपेक्षा मोठ्यानं.

“हो,” मी म्हणालो. “पोळ्याले लावलं होतं. खांदा म्हणून.”

“तुमी शिकले किती?”

“बी.ए.”

“दिसते,” कुंदा मॅडम म्हणाल्या.

मी चकतीवर बोट ठेवलं आणि मागे ढकलली. ती लगद्यातून सुटली, टक करून जागेवर बसली, आणि व्हॅनचा आवाज एकदम खाली आला. धडपडली, बंद पडते की काय असं झालं, मग धरून राहिली. इतकं शांत झालं की बाजूच्या संत्र्याच्या बागेतले पोपट ऐकू आले. किती महिन्यांनी. मी चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून स्प्रिंग पुसून काढली.

त्या शांततेत भाऊजींना वाचा फुटली. “तूप गावरान नसन,” ते म्हणाले. “गावरान तूप असं जमत नाई.”

माझ्या आईचं तूप. जे त्यांनी दर रविवारी पोळीवर वाटीभर ओतून घेतलं होतं ते.

कुंदा मॅडमनी म्हातारीचा भारा दोघींच्या मदतीनं तिच्या डोक्यावर ठेवला आणि मग माझ्यापाशी आल्या. “सुरेशभाऊ, उद्यापासून गाडी अशीच राहिली तं आमी राहतो. पण एक गोष्ट. या पाहुण्याइले घरी जेवाले बोलवा, सण करा, धोतरजोडा द्या. गाडीत नाई.”

माझ्या आयुष्यात कोणी मला इतकी मोठी भेट दिली नव्हती. मी लगेच हो म्हणालो, आणि म्हणताना दुःखी दिसायचा प्रयत्न केला.

पुढचं मला सौंसरमध्ये रोज ऐकावं लागलं. भाऊजींनी गोष्ट सांगायला सुरुवात केली होती. पांढुर्ण्याच्या एका गध्यानं इंजिनाला तूप लावलं, गाडी येडी झाली, मिस्त्री थकले, शेवटी सौंसरचा माणूस गेला आणि मोहगावपाशी रस्त्यात गाडी थांबवून त्यानं रोग काढून दिला. म्हातारी गोष्टीत नव्हती. कुंदा मॅडम नव्हत्या. हळद मात्र होती, ती त्यांना सोडवली नसावी. चहावाल्यानं मला विचारलं, “तुमीच का ते तूपवाले?” त्याचं ऐकून स्टँडवरचे सगळेच मला तूपवाले म्हणू लागले. एक जण म्हणाला, “तुमच्या जवायाचा कान मानला पायजे.” मी म्हणालो, “मानतो.”

भाऊजी मला शेवटचे दिसले ते उन्हाळा लागता लागता, त्याच स्टँडवर. शाळा सुटायच्या होत्या. मी व्हॅन निंबाच्या सावलीत उभी केली होती. मॅडम येतच असतील म्हणून चालूच ठेवली होती. चहाच्या टपरीवर चार-पाच जण बसलेले, आणि मध्ये भाऊजी, खिशात पेन आणि पेचकस. ते वाळले होते. मला पाहून त्यांनी पेचकस वर केला.

“हा पाहा, हाच तो तूपवाला,” त्यांनी मंडळींना सांगितलं. “या, इकडं या सगळे. आयडल कशाले म्हणते ते ऐका. म्या कशी आणून देल्ली ते ऐका.”

मंडळी उठून आली. कुंदा मॅडमचा हुकूम गाडीत बसण्यापुरता होता, ऐकण्याबद्दल नव्हता. मी खाली उतरून सीट उचलून दिली आणि परत माझ्या जागेवर अवघडून बसलो. भाऊजींनी पेचकसाचं टोक इंजिनावर ठेवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले, ओठ बाहेर काढले. सगळे थांबले. व्हॅन अशी चालत होती की तिच्या पोटावरच्या पाण्याच्या थेंबालाही धक्का लागला नसता, पण चालत होती. पंखा फिरताना दिसत होता. मागच्या नळीतून धूर निघत होता.

भाऊजी बराच वेळ ऐकत राहिले. मूठ त्यांनी कानावर नीट बसवली. दुसऱ्या कानाला लावली. मग डोळे न उघडताच वैतागून म्हणाले, “चालू तं कर ना बे सुऱ्या. बंद गाडीचं काय ऐकू?”

 एकानं चहावाल्याकडे पाहिलं. चहावाला तोंड उघडायला लागला.

मी त्याच्याकडे पाहून मान हलवली, आणि पाय हळूच दाबला. चकती फिरली, इंजिनानं आवाज धरला. अजून थोडा दाबला. अजून थोडा. निंबावरचे कावळे उठले.

“हां,” भाऊजी म्हणाले. चेहरा एकदम सैल पडला. “आता बोलली.”

ते ऐकत राहिले, डोळे मिटून, मुठीवर कान घट्ट रोवून. पेरूवाला गाडा थांबवून आमच्याकडे बघू लागला. लांबून मॅडम येताना दिसल्या, आणि आवाज ऐकून कुंदा मॅडम जागीच थांबल्या. भाऊजींनी पेचकस पुसून खिशात ठेवला, तोवर मी पाय उचलला नाही.